चॅम्पियन्स लीग की युरोपियन लीग? युरोपातील महिला हँडबॉलच्या एका मोसमासाठी कोणती स्पर्धा निवडावी

युरोपातील महिलांचे क्लब हँडबॉल पाहायला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसासमोर थोड्याच दिवसांत एक प्रश्न उभा राहतो. व्हिएन्नास्थित युरोपियन हँडबॉल महासंघ एकाच मोसमात दोन मोठ्या स्पर्धा चालवतो, दोन्हींचे सामने शनिवार-रविवारी होतात, आणि नोकरी, घर आणि झोप सांभाळून आठवड्यातली एखादीच संध्याकाळ खेळासाठी काढता येणाऱ्या प्रेक्षकाला दोन्हींचा माग नीट ठेवता येत नाही. पहिली स्पर्धा म्हणजे ईएचएफ चॅम्पियन्स लीग, आणि दुसरी म्हणजे पूर्वी ईएचएफ कप या नावाने ओळखली जाणारी आणि 2020-21पासून ईएचएफ युरोपियन लीग असे नाव धारण केलेली स्पर्धा. या दोहोंच्या खाली युरोपियन कप नावाची तिसरी स्पर्धाही आहे. मात्र तिच्यात पहिल्या फेरीपासूनच संघ बाद होत जातात आणि दुरून पाहणाऱ्याला तिचे सामने सलग पाहणे अवघड जाते, म्हणून तिचा विचार येथे केलेला नाही.

निवड करताना लोक बहुधा एकच कसोटी लावतात: जिथे सर्वोत्तम खेळाडू, ती स्पर्धा पाहावी. ही कसोटी चुकीची नाही, पण अपुरी आहे. प्रेक्षकाला खेळ कळू लागतो तो संघ ओळखीचे झाल्यावर, आणि ओळख व्हायला तोच संघ पुन्हा पुन्हा दिसावा लागतो. त्यामुळे या दोन स्पर्धांमधला सर्वांत महत्त्वाचा फरक मला दर्जाचा वाटत नाही. तो रचनेचा वाटतो, आणि म्हणून आधी रचनेविषयी लिहितो.

चौदा सामने आणि सहा सामने

चॅम्पियन्स लीगमध्ये 16 संघ असतात आणि त्यांचे आठ-आठ संघांचे दोन गट केले जातात. गटातील प्रत्येक संघ इतर सातही संघांशी एकदा घरी आणि एकदा बाहेर खेळतो, म्हणजे एका संघाचे केवळ साखळीतच 14 सामने होतात. स्पर्धा सप्टेंबरमध्ये सुरू होते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये राष्ट्रीय संघांची विश्वचषक किंवा युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा असल्यामुळे ती थांबते, जानेवारीत पुन्हा सुरू होते आणि मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला संपते. दोन्ही गटांची साखळी मिळून 112 सामने होतात. त्यानंतर गटातील पहिले दोन संघ थेट उपांत्यपूर्व फेरीत जातात, तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे संघ त्याआधीची एक बाद फेरी खेळतात, आणि शेवटी चार संघ बुडापेस्टला जमतात. सगळे मिळून 132 सामन्यांचा हा मोसम आहे.

युरोपियन लीगची मुख्य स्पर्धाही 16 संघांचीच असते, पण तिथे चार-चार संघांचे चार गट असतात. शरद ऋतूत पात्रता फेऱ्या होतात आणि गटांचे सामने जानेवारीत सुरू होऊन फेब्रुवारीत संपतात. प्रत्येक संघाला गटात केवळ सहा सामने मिळतात. पहिले दोन संघ उपांत्यपूर्व फेरीत जातात आणि मे महिन्यात चार संघांची अंतिम स्पर्धा होते. गटापासून अंतिम सामन्यापर्यंत 60 सामन्यांत सगळे आटोपते.

आता या आकड्यांचा प्रेक्षकाच्या दृष्टीने अर्थ काय होतो, ते पाहू. चॅम्पियन्स लीगच्या गटात आठपैकी सहा संघ पुढे जातात. त्यामुळे ऑक्टोबरमधला एखादा पराभव मोठ्या संघाला फारसा झोंबत नाही. प्रशिक्षक नव्या खेळाडूंना संधी देऊन पाहतात, दुखापतीतून परतलेल्या खेळाडूला दहाच मिनिटे खेळवतात, आणि मध्यंतरानंतर बचावाची मांडणी बदलून काय होते ते आजमावतात. ज्याला प्रत्येक सामन्यात जीवन-मरणाचा प्रश्न हवा आहे, त्याला हे सामने सैल वाटतील, आणि ही तक्रार खोटी नाही. याउलट युरोपियन लीगमध्ये चारांतून दोनच संघ पुढे जात असल्यामुळे पहिल्याच शनिवारी घरच्या मैदानावर हरलेला संघ दुसऱ्या आठवड्यात अडचणीत आलेला असतो. तिथे शेवटच्या दोन फेऱ्यांत गोलफरकाची गणिते सुरू होतात आणि हरत असलेला संघही अखेरच्या मिनिटापर्यंत एकेका गोलसाठी झगडत राहतो, कारण दोन गोलांनी हरणे आणि सहा गोलांनी हरणे यांत पुढे जाण्या-न जाण्याचा फरक पडू शकतो.

असे असूनही पूर्ण मोसम देऊ शकणाऱ्याला मी चॅम्पियन्स लीगच सुचवतो, आणि त्याचे कारण हे 14 सामनेच आहेत. हँडबॉलचा सामना 60 मिनिटांचा असतो आणि त्यात दोन्ही संघ मिळून पन्नास-साठ गोल होतात. फुटबॉलमधला एखादा गोल वर्षभर लक्षात राहतो. इथे गोल इतके होतात की नवख्या डोळ्याला ते सगळे सारखेच दिसतात. तोच संघ आठ-दहा वेळा पाहिल्यावर मात्र त्यातल्या रीती दिसू लागतात: अमुक संघाची डावी बॅक, म्हणजे बचावफळीबाहेर डावीकडून हल्ला करणारी खेळाडू, चेंडू हातात येताच थेट उडी घेऊन मारत नाही, आधी आत घुसण्याचा आव आणून बचावपटूला खेचते आणि मग पिव्हटला, म्हणजे बचावफळीत शिरून उभ्या असलेल्या सहकारी खेळाडूला, चेंडू सोडते, अमुक गोलरक्षक विंगच्या, म्हणजे मैदानाच्या कडेने येणाऱ्या खेळाडूच्या, फटक्यासाठी मुद्दाम जवळच्या खांबाकडची जागा मोकळी ठेवते. कबड्डी पाहणाऱ्याला ही गोष्ट वेगळी सांगायला नको. कोपऱ्यातला खेळाडू आणि त्याचा शेजारी साखळी धरून चढाईपटूला कुठे रेटत आहेत, हे पहिल्या सामन्यात कळत नाही, पण एकदा कळले की डोळा आपोआप तिकडेच जातो. हँडबॉलमध्ये गोलभोवतीच्या सहा मीटरच्या रेषेसमोर बचावाला उभ्या असलेल्या सहा जणींची हालचाल अशीच सवयीने कळते. ती सवय सहा सामन्यांत लागणे अवघड आहे.

कोण जिंकते

विजेत्यांची यादी समोर ठेवली तर दोन स्पर्धांचा स्वभाव लगेच लक्षात येतो. चॅम्पियन्स लीगमध्ये चार संघांची अंतिम स्पर्धा 2014 साली सुरू झाली. तेव्हापासून 2025पर्यंत, कोविडमुळे रद्द झालेले 2020 वगळता, अकरा वेळा विजेता ठरला आणि ते अकरा मान केवळ चार क्लबांमध्ये वाटले गेले. हंगेरीच्या ग्योरने 2014, 2017, 2018, 2019, 2024 आणि 2025 अशी सहा वर्षे चषक जिंकला. नॉर्वेच्या व्हायपर्स क्रिस्टियानसानने 2021, 2022 आणि 2023 असा सलग तीनदा. मॉन्टेनेग्रोच्या बुडुच्नोस्तने 2015मध्ये आणि रोमानियाच्या सीएसएम बुखारेस्टने 2016मध्ये. युरोपियन लीगमध्ये 2021पासूनच्या पाच मोसमांत पाच वेगळे विजेते झाले: फ्रान्सचा नाँत, जर्मनीचा बीटिगहाइम, डेन्मार्कचा इकास्ट, नॉर्वेचा स्टोरहामार आणि 2025मध्ये पुन्हा जर्मनीचाच थ्युरिंगर.

ही तुलना वाचून युरोपियन लीग अधिक चुरशीची आहे असा निष्कर्ष पटकन निघतो, पण तो अर्धाच बरोबर आहे. तिथे दरवर्षी नवा विजेता होतो याचे एक कारण हेही आहे की बलवान ठरलेला संघ पुढच्या काळात वरच्या स्पर्धेकडे सरकतो. बीटिगहाइमने 2022मध्ये अंतिम सामन्यात डेन्मार्कच्या व्हिबोर्गला त्यांच्याच शहरात मोठ्या फरकाने हरवले, आणि दोन वर्षांनी तोच संघ चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात ग्योरसमोर उभा होता. तिथे तो 24-30 असा हरला. म्हणजे खालच्या स्पर्धेतल्या विविधतेमागे वरच्या स्पर्धेची ओढही काम करत असते.

दुसरीकडे, विजेता ठरलेलाच असतो म्हणून चॅम्पियन्स लीग नीरस होते, असेही नाही. ग्योरने सलग जिंकलेले तीन अंतिम सामने पाहा: 2017मध्ये स्कोप्येच्या वार्दारवर जादा वेळेत 31-30, 2018मध्ये पुन्हा वार्दारवर जादा वेळेतच 27-26, आणि 2019मध्ये रशियाच्या रोस्तोव्ह-दोनवर 25-24. तीन वर्षे, तीन विजेतेपदे, आणि तिन्ही वेळा अंतर एकाच गोलचे. नोंदवहीत हे एकाच क्लबचे वर्चस्व दिसते. सामना पाहणाऱ्याला शेवटच्या फेकीपर्यंत काहीही ठरलेले नव्हते. त्याआधी 2016मध्ये याच ग्योरने सीएसएम बुखारेस्टविरुद्धचा अंतिम सामना पेनल्टी फेकींवर गमावला होता आणि पुढे 2021मध्ये फ्रान्सच्या ब्रेस्टने उपांत्य सामन्यात त्यांना तशाच प्रकारे बाहेर काढले होते. डेन्मार्कच्या एस्ब्येर्गची कथा याहून कठोर आहे. हा संघ 2022पासून 2025पर्यंत चारही वर्षे शेवटच्या चारांत पोहोचला आणि एकदाही अंतिम सामन्यात गेला नाही. त्याची आघाडीची खेळाडू हेनी रेइस्टाड आजच्या काळातल्या सर्वांत ताकदवान फेक करणाऱ्या खेळाडूंपैकी एक आहे. अशा संघाबरोबर मोसम घालवणे ही स्वतंत्र गुंतवणूक असते, आणि ज्याला विजेत्यापेक्षा झगडणारा संघ आवडतो त्याने एस्ब्येर्गचा विचार आवर्जून करावा.

इतिहासाची ओढ असलेल्या वाचकासाठी तर निवड सरळ आहे. चॅम्पियन्स लीग ही 1961 साली पहिल्यांदा दिल्या गेलेल्या युरोपियन चषकाची थेट वारस आहे. 1993-94च्या मोसमात तिला आजचे नाव मिळाले. इगोर तुर्चिन यांच्या मार्गदर्शनाखाली स्पार्ताक कीव्हने 1970 ते 1988 या काळात हा चषक तेरा वेळा जिंकला आणि तो विक्रम अजून अबाधित आहे. ऑस्ट्रियाच्या हायपो संघाने 1989 ते 2000 या काळात आठ वेळा तो नेला. नॉर्वेची गोलरक्षक कात्रिने लुंडे हिने व्हिबोर्ग, ग्योर आणि व्हायपर्स अशा तीन क्लबांकडून मिळून सात वेळा हा चषक उचलला. रोमानियाच्या क्रिस्टिना न्यागूने 2015मध्ये बुडुच्नोस्तकडून तो जिंकला. युरोपियन लीगचा वारसाही जुना आहे, पण तो तुटक आहे. चषकविजेत्यांची जी वेगळी स्पर्धा होती ती 2016मध्ये बंद करून ईएचएफ कपमध्ये मिसळण्यात आली, आणि पुढे त्या कपचेही नाव बदलले. अशा स्पर्धेला घट्ट आठवणी जमवायला वेळ लागतो.

पैशाची बाजू, जी निवडताना पाहिलीच पाहिजे

नव्या प्रेक्षकाला हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. महिला हँडबॉलमधले सर्वोच्च क्लब खेळाच्या दृष्टीने भक्कम असतात, पण आर्थिकदृष्ट्या ते नेहमीच भक्कम असतात असे नाही. सलग तीन वर्षे युरोपचा विजेता राहिलेला व्हायपर्स क्रिस्टियानसान जानेवारी 2025मध्ये, मोसमाच्या मध्यावर, दिवाळखोरीत निघाला आणि स्पर्धेतून बाहेर पडला. त्यांच्या गटात मग सातच संघ उरले. बीटिगहाइमचा संघ 2024मध्ये शेजारच्या लुडविग्सबुर्गला हलवून नव्या नावाने खेळू लागला होता. तोही 2025च्या उन्हाळ्यात, जर्मनीचा विजेता असतानाच, दिवाळखोरीत गेला आणि नव्या मोसमात उतरू शकला नाही. त्याआधी मार्च 2022मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाचे रोस्तोव्ह-दोन आणि सीएसकेए हे दोन्ही संघ स्पर्धेबाहेर गेले. तो प्रश्न पैशाचा नव्हता, पण प्रेक्षकाच्या बाजूने परिणाम तोच झाला, म्हणजे ज्या संघाला महिनोन्महिने पाहिले तो एका आठवड्यात नाहीसा झाला.

हे वाचून एखाद्याला वाटेल की मग छोट्या खर्चाची युरोपियन लीगच बरी. तसे सरसकट म्हणता येत नाही, कारण अडचणी सर्वच पातळ्यांवर असतात; फरक इतकाच की वरच्या स्पर्धेत परदेशी खेळाडूंचे मोठे करार, लांबचे प्रवास आणि मोठ्या सभागृहांची अट यांमुळे खर्च वाढत जातो आणि एखादा मोठा प्रायोजक मागे हटला की डोलारा कोसळतो. चॅम्पियन्स लीगमधल्या सगळ्या जागा केवळ आपापल्या देशाची लीग जिंकून मिळत नाहीत. काही जागा वरच्या क्रमांकाच्या देशांच्या विजेत्यांसाठी राखीव असतात आणि उरलेल्या जागांसाठी क्लब विनंती-अर्ज करतात. त्यांचा निर्णय महासंघाची कार्यकारिणी घेते आणि तो घेताना सभागृह, प्रेक्षकसंख्या, प्रक्षेपणाची सोय अशा बाबींचाही विचार होतो. खेळाच्या निकालाबाहेरची ही कसोटी मला मनापासून पटत नाही, पण सप्टेंबरमध्ये कोणते संघ दिसतील हे त्यावरच ठरते, हे प्रेक्षकाने जाणून असावे.

म्हणून माझी सूचना अशी की संघ निवडताना त्याची मुळे पाहावीत. पॉडगोरिट्साचा बुडुच्नोस्त अलीकडे चषकाच्या जवळ जात नाही आणि गटात बरेच सामने हरतो, पण तो आपल्या देशातल्या तरुण मुलींना युरोपातल्या सर्वोत्तम बचावफळ्यांसमोर उभे करत राहतो. लॉरेन प्रांतातला मेत्झ 2019, 2022, 2024 आणि 2025मध्ये शेवटच्या चारांत पोहोचला, आणि फ्रेंच राष्ट्रीय संघाला खेळाडू पुरवणारा क्लब म्हणून त्याचे नाव पक्के आहे. असे क्लब निवडले तर पुढच्या वर्षीही पाहायला तोच संघ मैदानात असण्याची शक्यता अधिक राहते.

प्रशिक्षक आणि खेळाडूंसाठी

महाराष्ट्रात शाळा-महाविद्यालयांच्या पातळीवर मुली हँडबॉल खेळतात, आणि 2023मध्ये पुरुषांच्या पहिल्या प्रीमियर हँडबॉल लीगचे विजेतेपद महाराष्ट्र आयर्नमेन या संघाने मिळवल्यापासून या खेळाची चर्चा थोडी वाढली आहे. मुलींच्या संघाला सामने दाखवून शिकवायचे असेल तर मात्र निवडीचे निकष बदलतात, आणि इथे मी युरोपियन लीगच्या बाजूने झुकतो.

याचे कारण सांगतो. वरच्या स्पर्धेतल्या संघांकडे इतके खेळाडू असतात की अनेकदा आक्रमण संपताच एक-दोन जणी धावत बाकाकडे जातात आणि त्यांच्या जागी केवळ बचावासाठी ठेवलेल्या उंच खेळाडू येतात. शाळेच्या किंवा जिल्ह्याच्या संघाला ही चैन परवडत नाही. तिथे जी मुलगी फेकते तिलाच परत येऊन रेषेवर उभे राहायचे असते. लहान खर्चाच्या संघांमध्ये हेच दृश्य जास्त दिसते: तीच प्लेमेकर आक्रमण मांडते आणि परत येऊन बचावातही झगडते, आणि थकल्यावर तिच्या निर्णयांवर काय परिणाम होतो हेही दिसते. शिकणाऱ्या मुलीला त्यातून अधिक उपयोगाचे मिळते. शिवाय सहा सामन्यांच्या गटात प्रत्येक गोलला किंमत असल्यामुळे दोन मिनिटांच्या निलंबनात पाच जणींनी वेळ कसा काढावा, किंवा पंचांनी संथ खेळाचा इशारा दिल्यावर उरलेल्या चार पासमध्ये फटका कसा तयार करावा, यांचे गंभीरपणे खेळलेले नमुने तिथे मुबलक सापडतात.

गोलरक्षकाच्या बाबतीत मात्र मी उलट सांगेन. लुंडेचे जुने सामने जमतील तितके दाखवावेत. ती प्रत्येक फटक्याला हात-पाय फेकत नाही. फेकणारीच्या खांद्याकडे पाहत थांबते आणि शेवटच्या क्षणी हलते. ही थांबण्याची कला बोलून शिकवता येत नाही, आणि ती सर्वोच्च पातळीवरच इतकी स्वच्छ दिसते.

प्रत्यक्ष जायचे असेल तर

युरोपात राहणाऱ्या मराठी माणसांसाठी हा भाग आहे, कारण त्यांच्यापुढचा प्रश्न पडद्यापुरता राहत नाही. चॅम्पियन्स लीगची अंतिम स्पर्धा 2014पासून बुडापेस्टलाच होते आणि 2022पासून ती एमव्हीएम डोम या सभागृहात भरते. वीस हजारांची ही वास्तू महिला क्लब हँडबॉलसाठी भरते, ही गोष्ट आकड्यात वाचणे आणि आत बसून अनुभवणे यांत फार अंतर आहे. शनिवारी दोन उपांत्य सामने, रविवारी तिसऱ्या क्रमांकाचा आणि अंतिम सामना, असे दोन दिवसांत चार सामने होतात. हंगेरीत हा खेळ घराघरात पाहिला जातो. बहुसंख्य प्रेक्षक यजमान देशाचे असतात आणि हंगेरियन संघाच्या प्रत्येक गोलला सभागृह उभे राहते. यजमान संघाला यामुळे झुकते माप मिळते, हा आक्षेप दरवर्षी घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. तरीही 2022च्या अंतिम सामन्यात व्हायपर्सने ग्योरला 33-31 असे हरवले आणि 2023मध्ये त्यांनी खुद्द बुडापेस्टच्या फेरेन्त्सवारोशला त्यांच्याच शहरात 28-24 अशी मात दिली, हेही विसरता येत नाही.

युरोपियन लीगची अंतिम स्पर्धा 2023, 2024 आणि 2025 अशी तिन्ही वर्षे ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहरात झाली. तिथले सभागृह काही हजारांचे आहे. गर्जना कमी असते, पण प्रेक्षक मैदानाच्या इतका जवळ बसतो की टाइमआउटमध्ये प्रशिक्षक फळीवर काय रेखाटत आहेत तेही दिसू शकते. ज्याला पहिल्यांदाच हा खेळ प्रत्यक्ष पाहायचा आहे आणि बरोबर लहान मुले आहेत, त्याला मी मोठ्या सभागृहापेक्षा अशी जागा सुचवीन.

पण या दोन्हींपेक्षा चांगला एक तिसरा मार्ग आहे, आणि तो बहुतेकांना सुचत नाही: गटातला एखादा साधा सामना संघाच्या घरच्या सभागृहात पाहणे. ग्योर हे व्हिएन्ना आणि बुडापेस्ट यांच्या मधल्या रेल्वेमार्गावरचे शहर आहे आणि व्हिएन्नाहून तिथे जाऊन त्याच दिवशी परतता येते. तिथल्या सभागृहात सुमारे साडेपाच हजार लोक मावतात. अनिता गोर्बित्स हिने आपली संपूर्ण वरिष्ठ कारकीर्द याच एका क्लबसाठी खेळून काढली, आणि शहराचे आपल्या संघाशी किती घट्ट नाते आहे हे तिथे तिचे नाव निघाल्यावर कळते. जर्मनीत स्टुटगार्टच्या परिसरात राहणाऱ्यांना बीटिगहाइम अगदी शेजारी होते. मुंबईशी भगिनीशहराचे नाते असलेल्या त्या शहराजवळून एवढा मोठा संघ नाहीसा झाला, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

भारतातून पाहणाऱ्यासाठी वेळेचे गणित

मध्य युरोपात संध्याकाळी चार वाजता सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठला आणि सहाचा सामना साडेदहाला दिसतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास पुढे जातात, त्यामुळे एप्रिल ते जूनमधले बाद फेरीचे सामने आपल्याकडे तासभर लवकर, म्हणजे साडेसात आणि साडेनऊला सुरू होतात. थोडक्यात, मोसम जसजसा रंगतो तसतशी वेळ सोयीची होत जाते. महासंघाच्या स्वतःच्या ईएचएफटीव्ही या सेवेवर दोन्ही स्पर्धांचे सामने दिसतात. ज्या देशांत प्रक्षेपणाचे हक्क विकलेले असतात तिथे काही सामने बंद असतात, म्हणून आपल्या देशात काय उपलब्ध आहे ते मोसमाच्या सुरुवातीलाच तपासावे.

आता निर्णयाचे. हे तुम्ही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वाचत असाल आणि आठवड्यातली एक संध्याकाळ निश्चित देऊ शकत असाल, तर चॅम्पियन्स लीग घ्या, पण दोन्ही गट पाहण्याचा अट्टहास धरू नका. एकच संघ निवडा आणि त्याचे चौदाही सामने, हरलेले धरून, पाहा. निवड सुचत नसेल तर मेत्झ किंवा एस्ब्येर्गपासून सुरुवात करा, कारण ग्योरपासून सुरुवात केल्यास जिंकण्याची सवय फार लवकर लागते. डिसेंबरमधल्या विश्रांतीत राष्ट्रीय संघांची स्पर्धा पाहिली तर याच खेळाडू वेगळ्या रंगांत, वेगळ्या साथीदारांबरोबर दिसतील आणि ओळख पक्की होईल. जानेवारी उजाडून गेला असेल, तर मधूनच चॅम्पियन्स लीगच्या गटात शिरू नका. तिथल्या संघांनी एव्हाना एकमेकींना पारखलेले असते आणि नवा प्रेक्षक मागे पडतो. त्यावेळी युरोपियन लीगचा एक गट घ्या, चार संघांचे सगळे बारा सामने फेब्रुवारीअखेर पाहून संपवा, आणि एप्रिलमध्ये चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी लागेल तेव्हा तिकडे वळा. तोवर सहा मीटरच्या रेषेसमोरच्या त्या सहा जणींकडे पाहायला डोळा शिकलेला असेल.